बळ जातं कुठे?

पॉन्टियॅक सॉल्स्टिस आणि सॅटर्न स्काय या दोन आसनी, उघड्या टपाच्या स्पोर्ट्स कार जनरल मोटर्सने डेलावेअरमधल्या विल्मिंग्टनच्या कारखान्यात बांधल्या. पहिली 2005 मध्ये रस्त्यावर आली, दुसरी तिच्या मागोमाग. 2009 च्या जुलैत तिथलं उत्पादन थांबलं आणि 2010 सरेपर्यंत पॉन्टियॅक आणि सॅटर्न ही दोन्ही नावंही बाजारातून गेली. गाड्या मात्र अमेरिकेत अजून धावताहेत. टर्बो इंजिनवाल्या गाडीच्या मालकांपुढे एक प्रश्न हमखास उभा राहतो: गिअरबॉक्सचं मागचं टोक आणि डिफरन्शियल यांना एकमेकांशी बांधणारा, बाहेरच्या छोट्या उत्पादकांनी बनवलेला ब्रेस घरच्या गॅरेजात स्वतःच्या हातांनी बसवावा का? वरवर पाहता हा चार बोल्टांचा प्रश्न आहे. पण गाडीच्या पोटातून बळ कुठल्या वाटेने जावं हे कारखान्यातल्या अभियंत्याने एकदा ठरवलेलं असतं, आणि हे चार बोल्ट ती वाट बदलतात. म्हणून त्यावर वाद व्हायला हवा, आणि तो नीट व्हायला हवा.

या वादाच्या दोन्ही बाजू स्पष्ट दिसाव्यात म्हणून त्या दोन कल्पित माणसांच्या तोंडी घालतो. काका पिंपरी-चिंचवडच्या मोटार कारखान्यातून, गाड्यांच्या चाचण्या घेणाऱ्या विभागातून निवृत्त झालेले. पुतण्या डेट्रॉइटच्या उपनगरात राहणारा, संगणकाच्या नोकरीत असलेला, शनिवार-रविवार हातात पाना धरणारा. माझा कौल आधीच सांगून टाकतो: ब्रेस घरी बसवावा या मताचा मी आहे, पण पुतण्या जी कारणं सुरुवातीला देतो त्यासाठी नव्हे. काकांनी घेतलेल्या जवळजवळ प्रत्येक हरकतीतच घरी बसवण्याचं खरं कारण दडलेलं आहे, असं मला वाटतं.

पुतण्या : काका, हिशेब साधा आहे. इंजिनाचा टॉर्क 260 पौंड-फूट, म्हणजे 353 न्यूटन-मीटर. पहिल्या गिअरमध्ये तो साधारण पावणेचारपट होतो आणि डिफरन्शियलमध्ये पुन्हा जवळजवळ तेवढाच वाढतो. चाकांपाशी पोचेपर्यंत चौदापट, म्हणजे पाच हजार न्यूटन-मीटरच्या आसपास. चाकं पुढे फिरतात तेव्हा डिफरन्शियलचं घर तेवढ्याच जोराने उलटं फिरायला बघतं. त्याचं नाक वर उठतं. ते नाक खाली धरून ठेवायला काय आहे, तर रबरी बुश. पुढच्या आणि मागच्या बुशमध्ये 30 सेंटिमीटर अंतर धरलं, तर एकेका बाजूवर 1700 किलो वजनाइतका जोर येतो. तेच नाक एक मीटर लांबीच्या ब्रेसने गिअरबॉक्सला बांधलं, की टोकाशी 500 किलो पुरतात. लांब पहारेने धोंडा हलतो, तसं.

काका : गणित बरोबर आहे, पण आकडा खोटा आहे. पाच हजार न्यूटन-मीटर त्या चाकांपर्यंत पोचतीलच कसे? गाडीचं वजन 1300 किलो. सुटताना मागच्या चाकांवर साडेसातशे किलो आले असं धर, टायरची त्रिज्या 32 सेंटिमीटर धर, आणि टायर अगदी उत्तम धर. तरी 2400 च्या आसपास टायर घसरणार. तुझ्या 1700 चे झाले 800, आणि 500 चे झाले 240. आणि हे 240 किलो जातात कुठे, ते तू सांगितलंच नाहीस. ते जातात गिअरबॉक्सच्या शेपटीवर, ॲल्युमिनियमच्या ओतीव घरावर. हा गिअरबॉक्स जनरल मोटर्सने छोट्या पिकअप ट्रकांतही वापरला. त्याच्या शेपटीला खालून कोणी रेटणार आहे, असं तो बनवणाऱ्याने धरलं होतं का?

काकांच्या या शेवटच्या प्रश्नाला बगल देऊन पुढे जाता येत नाही. ब्रेसमुळे बळ नाहीसं होत नाही, त्याची वाट बदलते. आधी ते रबरातून मागच्या सबफ्रेममध्ये जात होतं. आता त्यातला एक वाटा लांबच्या प्रवासाला निघून गिअरबॉक्सच्या घरात आणि तिथून त्याच्या माउंटिंगमध्ये उतरतो. पुतण्याचं पहारेचं गणित त्या टोकाला बळ कमी का लागतं एवढंच सांगतं. ते झेलणाऱ्या धातूबद्दल त्यात काहीच नाही.

पण ही कल्पना हौशी लोकांच्या डोक्यातून निघालेली नाही, हेही तितकंच खरं. 1984 च्या मॉडेलपासून 1996 पर्यंतच्या चौथ्या पिढीच्या शेव्हरले कॉर्व्हेटमध्ये गिअरबॉक्सपासून डिफरन्शियलपर्यंत ॲल्युमिनियमची एक लांब तुळई होती, इंग्रजी सी अक्षरासारख्या छेदाची. 1989 च्या फेब्रुवारीत शिकागोच्या मोटार प्रदर्शनात माझ्दाने मियाटा दाखवली, तिच्या पोटातही पॉवर प्लांट फ्रेम नावाची तशीच ॲल्युमिनियमची चौकट होती, आणि आजच्या चौथ्या पिढीतल्या मियाटातही ती आहे. 1997 च्या कॉर्व्हेटने आणखी पुढची पायरी गाठली: गिअरबॉक्सच मागे नेला आणि इंजिनाशी जाड नळीने जोडून टाकला. सॉल्स्टिसची तुलना सगळ्यांनी मियाटाशी केली, पण मियाटाच्या पोटातली ही चौकट तिच्या वाट्याला आली नाही. बाजारात मिळणारा ब्रेस ती जागा भरायला बघतो.

या जोडणीचा आणखी एक फायदा पुतण्याच्या गणितात आलाच नाही. प्रोपेलर शाफ्ट डिफरन्शियलच्या पिनियनला पिळतो, तेव्हा इंजिन आणि गिअरबॉक्स उलट दिशेला तेवढेच पिळले जातात. दोघं स्वतंत्र रबरांवर बसलेले असतील तर एक डावीकडे झुकतो आणि दुसरा उजवीकडे. दोघांना एका ताठ चौकटीत बांधलं, की हे दोन पीळ त्या चौकटीच्या आतच एकमेकांना खोडतात आणि गाडीच्या सांगाड्यापर्यंत पोचतच नाहीत. अट एवढीच की चौकट स्वतः पिळली जाता कामा नये. एका बाजूने उघडा छेद वाकायला ताठ असला तरी पिळायला मऊ असतो. चौथ्या पिढीच्या कॉर्व्हेटवाल्यांना त्या तुळईला जादा पट्ट्या जोडाव्याशा वाटल्या, त्यामागे हीच उणीव असावी. ब्रेस निवडताना धातूच्या जाडीकडे सगळे बघतात. त्याचा छेद बंद आहे की उघडा, हे बघणारे थोडे.

काका : माझ्दाने केलं, कॉर्व्हेटवाल्यांनी केलं, मान्य. पण त्यांनी ओतकाम करतानाच त्या चौकटीसाठी जागा ठेवली, धातू जाड केला, हजारो किलोमीटर चाचण्या घेतल्या. तुझ्या गाडीत ती चौकट नाही, म्हणजे ती नको असंही कोणी ठरवलं असेल. रबर काही काटकसर म्हणून घालत नाहीत रे. क्राउन-पिनियनचे दात एकमेकांवरून जाताना जी कुरकुर होते, ती रबर गिळून टाकतं. क्लच झटक्यात सोडला तर तो धक्का रबर पसरून देतं. ते रबर तू निकामी करणार, मग धक्का हाफ शाफ्टला बसणार, नाहीतर दातांना.

पुतण्या : पण चाक उड्या मारतं तेव्हा हाफ शाफ्टला बसणारे धक्के त्याहून वाईट असतात ना, काका?

इथे पुतण्या नेमक्या दुखण्यावर बोट ठेवतो. जोरात सुटताना टायर रस्ता पकडतो, बुश आणि शाफ्ट पिळले जातात, पकड सुटते, पीळ मोकळा होतो, टायर पुन्हा पकडतो. सेकंदात अनेकदा हे घडलं की मागचा भाग धडधड उडायला लागतो. 2004 च्या पहिल्या कॅडिलॅक सीटीएस-व्हीची यासाठी अपकीर्ती झाली; तिचे डिफरन्शियल यात बळी पडत. दुसऱ्या पिढीची सीटीएस-व्ही 2009 च्या मॉडेलने आली, तेव्हा तिचे डावे-उजवे हाफ शाफ्ट मुद्दाम वेगवेगळ्या जाडीचे केलेले होते. दोन बाजूंचा ताठपणा वेगळा असला की दोन्ही चाकं एका ठेक्यात उडू शकत नाहीत. हे उदाहरण काकांच्या बाजूचं आहे, आणि मी ते मुद्दाम पुढे ठेवतो: अनुभवी कंपनीलाही या रोगावर ‘सगळं ताठ करून टाका’ एवढा एकच उपाय सुचला नव्हता. ब्रेस उडीचं एक कारण, म्हणजे डिफरन्शियलचं नाक वरखाली होणं, कमी करतो. शाफ्टचा पीळ, सस्पेन्शनचे झिजलेले बुश, टायरचा जुनेपणा यांना तो हात लावत नाही. म्हणून आधी ते बुश तपासावेत. इतक्या वर्षांच्या गाडीत रबराला तडे गेलेले असण्याची शक्यता मोठी, आणि फाटलेल्या बुशवर ब्रेस बसवणं म्हणजे दुखणं झाकणं. तपासणीत बुश फाटके निघाले, तर पहिला खर्च त्यांच्यावर व्हावा, आणि नवे बुश घातल्यावरही नाक उठत असेल तरच ब्रेसचा विचार व्हावा. या बाबतीत काका बरोबर आहेत आणि घाई करणारे मालक चूक.

काका : आणि बसवल्यावर तुला फरक जाणवणारच. आवाज वाढला की गाडी घट्ट झाली असं वाटतं. आमच्या चाचण्यांत म्हणूनच गाडी चालवणाऱ्याला काय बदललंय ते सांगत नसत.

पुतण्या : म्हणून तर मोजायचं. बसवायच्या आधी डिफरन्शियलजवळ छोटा कॅमेरा घट्ट बांधायचा, मागे सेंटिमीटरच्या खुणा केलेली पट्टी लावायची, आणि ऑटोक्रॉसच्या दिवशी सुटतानाचं चित्रण करायचं. नंतर तेच टायर, त्यांत तेवढीच हवा, तशीच फरसबंदी, आणि पुन्हा चित्रण. नाक किती उठलं ते डोळ्यांनी दिसेल.

ही सूचना मला या वादातली सर्वांत मोलाची वाटते. स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिका ही 1944 मध्ये स्थापन झालेली संस्था देशभर रिकाम्या वाहनतळांवर आणि जुन्या धावपट्ट्यांवर ऑटोक्रॉस भरवते. तिथे गाडी थांबलेल्या स्थितीतून सुटते, शंकू ठेवलेले असतात, हेल्मेट लागतं आणि शेजाऱ्यांची मुलं रस्त्यावर नसतात. सार्वजनिक रस्त्यावर असली परीक्षा घेण्याचं समर्थन कुठल्याच बाजूने करता येत नाही. आणि कॅमेऱ्याने नाक मुळी उठतच नाही असं दाखवलं, तर ब्रेस विकत घेण्याचं कारणच उरत नाही. मोजण्याची तयारी नसलेल्या माणसाने हा भाग घेऊ नये, असं मी म्हणेन.

काका : बरं, मोजलंस, फरक पडतो हे ठरलं. मग सरळ गॅरेजमध्ये दे. त्यांच्याकडे लिफ्ट आहे. तू जॅकवर गाडी उचलून खाली झोपणार, हे मला पटत नाही. तुझ्या आईला तरी पटेल का?

पुतण्या : नुसत्या जॅकवर नाही हो, काका. चार स्टँडवर.

काका : स्टँडवर किती भरवसा?

काकांचा हा प्रश्न भित्रेपणातून आलेला नाही. 2020 च्या मार्चमध्ये हार्बर फ्रेट या अमेरिकेतल्या मोठ्या हत्यार-विक्री साखळीने आपल्या 3 टनी आणि 6 टनी जॅक स्टँडच्या लाखो नगांची परतमागणी केली. दात्यांमध्ये अडकणारी खिट्टी पुरेशी खोल बसत नव्हती आणि भाराखाली स्टँड अचानक खाली येऊ शकत होता. काही महिन्यांनी बदली म्हणून दिलेल्या स्टँडमधल्या काही नगांचीही परतमागणी झाली, तेव्हा दोष वेल्डिंगचा होता. त्यामुळे गॅरेजवाले ज्याला घोडी म्हणतात ती वस्तू घेतली म्हणजे जीव सुरक्षित, हे समीकरण चुकीचं आहे. सपाट, पक्की फरशी. चारही स्टँड गाडीच्या ठरवून दिलेल्या जागांखालीच. दात्यांऐवजी आडव्या खिळीने अडणारे स्टँड मिळाले तर तेच. उतरवलेली चाकं दोन्ही बाजूंना सांगाड्याखाली आडवी. आणि खाली शिरण्याआधी गाडी हाताने चांगली हलवून बघणं, स्टँडवर हलत असेल तर ती डोक्यावर येण्याआधी कळावं म्हणून. घरात दुसरं माणूस जागं आणि हाकेच्या अंतरावर हवं. डांबरी ड्राइव्ह-वेवर, उन्हाळ्याच्या दुपारी, मऊ झालेल्या डांबरात रुतणाऱ्या स्टँडवर हे काम करणाऱ्याला मी थांबवीन. एवढ्या अटी पाळता येत नसतील तर काकांचा सल्ला मानून गाडी लिफ्टवर न्यावी. तासाला शंभर डॉलरच्या वर मजुरी गेली तरी ती महाग नाही.

अटी पाळता येत असतील, तर घरच्या कामाची खरी बाजू इथून सुरू होते. पुतण्या आधी पैसे वाचतात म्हणत होता. ते कारण मला दुय्यम वाटतं. ब्रेस बसवतानाचा निर्णायक क्षण फार लहान असतो. गिअरबॉक्सखाली लाकडी ठोकळा ठेवून दुसऱ्या जॅकने त्याचा भार घेतलेला असतो, माउंटिंगचे बोल्ट सैल केलेले असतात, ब्रेस वर धरलेला असतो, आणि सगळे बोल्ट आधी बोटांनी आट्यांत चढवायचे असतात. तीन चढतात, चौथ्याचं भोक दोन मिलिमीटर बाजूला दिसतं. इथे दोन वाटा फुटतात. एक म्हणजे भोकात टॉमी घालून रेटायचं, बोल्ट लागतोच. तो लागला की ब्रेस वाकलेल्या अवस्थेत कायमचा अडकतो, आणि गाडी उभी असतानाही गिअरबॉक्सच्या ॲल्युमिनियमच्या घरावर रात्रंदिवस ताण राहतो. काकांना ज्याची भीती होती तो तडा तिथूनच सुरू होतो. दुसरी वाट वेळखाऊ आहे: जॅक चार-पाच मिलिमीटर वरखाली करून, डिफरन्शियलचे बोल्ट जरा सैल करून, सगळं आपोआप सरळ रेषेत येईपर्यंत थांबायचं, आणि नाहीच आलं तर ब्रेस परत पाठवायचा. दिवसाला ठरावीक गाड्या निपटायच्या असलेल्या कारागिराकडून दुसऱ्या वाटेची अपेक्षा धरणं त्याच्यावरही अन्याय आहे. घरी शनिवारची सगळी दुपार मोकळी असते.

शाफ्टच्या कोनाचंही असंच. गिअरबॉक्स किंवा डिफरन्शियल जागेवरून थोडं जरी हललं, तरी दोन टोकांच्या जॉइंटचे कोन बदलतात आणि ठरावीक वेगाला गाडी थरथरते. मियाटाची चौकट काढून परत बसवताना तिची उंची मोजून लावावी लागते ती त्यासाठीच. म्हणून काम सुरू करण्याआधी कोन मोजणारी छोटी पेटी गिअरबॉक्स, शाफ्ट आणि डिफरन्शियल यांवर ठेवून तीन आकडे लिहून घ्यावेत, आणि काम झाल्यावर पुन्हा घ्यावेत. रबरी बुशमधून जाणारे बोल्ट गाडी हवेत लटकलेली असताना पूर्ण आवळू नयेत. चाकांवर वजन आल्यावर, बुश आपल्या नेहमीच्या जागी बसल्यावर आवळावेत, नाहीतर रबर जन्मभर पिळलेलंच राहतं.

काका : बोल्ट कसले घालणार? तिथे इंचाचे बोल्ट मिळतात, ते घालून मोकळा होशील.

काकांचा अनुभव इथे बोलतो. बोल्टाच्या डोक्यावर ‘8.8’ लिहिलेलं असतं तो मेट्रिक वर्ग. अमेरिकन इंची पद्धतीतला ‘ग्रेड 8’ वेगळा, त्याच्या डोक्यावर सहा रेघा असतात. आकडा सारखा वाटला तरी ग्रेड 8 ची ताकद मेट्रिक 10.9 च्या तोडीची, आणि 8.8 हा तीन रेघांच्या ग्रेड 5 च्या जवळचा. हार्डवेअरच्या दुकानात ‘आठ नंबरचा द्या’ म्हणून आणलेला बोल्ट घातक ठरू शकतो. आट्यांना गंज न लागावा म्हणून फासायचं वंगण लावलं तर घर्षण घटतं, आणि पुस्तकात कोरड्या आट्यांसाठी दिलेला टॉर्क तसाच लावला की बोल्ट जास्त ताणला जातो. चांगल्या टॉर्क पान्यानेही प्रत्यक्ष ताणात वीस-पंचवीस टक्क्यांचा फरक सहज पडतो. म्हणून आकडा पाळायचा, पण तो पाळला म्हणजे जबाबदारी संपली असं समजायचं नाही. बोल्टाचं डोकं आणि शेजारचा धातू यांवरून रंगाची एक सरळ रेघ ओढायची. शे-दोनशे मैलांनंतर खाली वाकून बघितलं आणि रेघ तुटलेली दिसली, तर बोल्ट फिरला हे निर्विवाद कळतं.

ही रेघ कोण बघणार, यावर माझा सगळा युक्तिवाद उभा आहे. गॅरेज एकदा बसवून देतं आणि गाडी चालती होते. ब्रेसची परीक्षा मात्र नंतर होते: इंजिन तापून एक्झॉस्टचा नळ लांबला की तो ब्रेसला टेकतो का, पहिल्या महिन्यात बोल्ट सैल झाले का, हिवाळ्यानंतर पोलाद आणि ॲल्युमिनियम जिथे भिडतात तिथे पांढरी पूड जमली का. मिशिगनमध्ये रस्त्यावर टाकलेलं मीठ या सांध्यांत शिरतं. (खुद्द डेट्रॉइट शहराच्या खाली विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासूनची मिठाची खाण आहे, त्यामुळे तिथे मिठाला तोटा नाही.) या गोष्टी पाहायला दर वेळी गाडी गॅरेजात नेणारा मालक विरळा. ज्याने स्वतः बोल्ट आवळला त्याला तो कुठे आहे, कुठल्या पान्याचा आहे आणि कुठला बोल्ट चढताना नाटक करत होता, हे ठाऊक असतं. बळाची वाट बदलणाऱ्या भागावर नजर ठेवावी लागते, आणि ती नजर स्वतः काम केल्याने तयार होते.

काका : आणि कायदा? आपल्याकडे मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे नोंदणीत लिहिलंय त्यापेक्षा गाडी वेगळी करता येत नाही. 2019 च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानेही ते उचलून धरलं.

पुतण्या : इथे तसं नाही, काका. 1975 च्या मॅग्नसन-मॉस कायद्याने कंपनीला ‘आमचाच भाग वापरा, नाहीतर वॉरंटी गेली’ असं म्हणता येत नाही.

पुतण्याचं बरोबर आहे, पण अर्धं. बाहेरच्या भागामुळेच बिघाड झाला असेल, तर त्या बिघाडाची भरपाई नाकारण्याचा अधिकार कंपनीकडे राहतो. या दोन गाड्यांची वॉरंटी केव्हाच संपली आहे, तेव्हा हा मुद्दा नव्या गाडीवाल्यांनीच लक्षात ठेवावा. प्रदूषणाचे नियम ब्रेसला लागत नाहीत, पण त्याला जागा करून द्यायला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर हलवला किंवा काढला की लागतात. आणि घरच्या गॅरेजवरही काही ठिकाणी बंधनं आहेत. कॅलिफोर्नियातल्या सॅक्रॅमेंटो काउंटीच्या नियमांत, घरात सहसा न सापडणारी हत्यारं वापरून निवासी जागेत गाडी दुरुस्त करायला मनाई आहे. काम हातात घेण्याआधी आपल्या गावाचे आणि वसाहतीचे नियम वाचून ठेवणं शहाणपणाचं.

काका : एवढं सगळं करून आवाज असह्य झाला तर? आणि उद्या गाडी विकलीस, तर घेणाऱ्याला काय सांगशील?

आवाज वाढेल, हे काकांचं भाकीत बहुतेक खरं ठरेल, आणि तो किती सोसायचा हे ज्याच्या कानाशी आहे त्याने ठरवावं. गुणगुण ठरावीक वेगापुरती असेल तर ती रबर कमी गिळल्याची खूण आहे. पण वेगाबरोबर वाढत जाणारा खरखराट ऐकू आला तर ब्रेस लगेच उतरवून पिनियनचं बेअरिंग तपासायला हवं. पुढच्या मालकासाठी बोल्टांचे माप, वर्ग, टॉर्क आणि आधी-नंतरचे कोन एका कागदावर लिहून ते गाडीच्या पुस्तकात ठेवावेत, आणि कारखान्याचे मूळ बोल्ट पिशवीत घालून जपावेत. बनवणारी कंपनी ज्या गाडीचं नावही आता घेत नाही, तिच्याबद्दलची माहिती मालकांनीच एकमेकांना द्यायची असते. आणि या सगळ्याला अर्थ राहावा म्हणून एक पथ्य विकत घेतानाच पाळावं: कारखान्याच्या भोकांतच बसणारा ब्रेस घ्यावा. या गाडीचे लांब सांगाडे पाण्याच्या दाबाने आकार दिलेल्या बंद नळ्या आहेत. त्यांत नवं भोक पाडलं की मिठाचं पाणी आत शिरतं आणि ते बाहेरून दिसत नाही. ड्रिल किंवा वेल्डिंग मागणारा ब्रेस कितीही ताठ असला, तरी तो या गाडीला लावू नये. पुढच्या मालकाला तो नको असेल तर त्याला एका दुपारी, साध्या पान्यांनी, तो काढून टाकता आला पाहिजे.